एका काडतुसाची जोडी आणि माझा जबाब

मी लिहिलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल मी जपून ठेवतो. तहसील कचेरीबाहेर वीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसलेल्या माणसाची ती सवय आहे, आणि न्यूझीलंडला आल्यावरही ती सुटलेली नाही. पापाटोएटो या उपनगरातल्या आमच्या घरात पलंगाखाली तीन पेट्या भरून नकला आहेत. फक्त एका कागदाची नक्कल मी स्वतःच्या हाताने फाडली. तो कागद मला कोणी लिहायला सांगितला नव्हता. त्याची हकीकत पुढे देत आहे. सांगताना मान खाली जाते, तरी देत आहे.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु कायद्याची भाषा मी शिकलो ती बड्या बड्या वकिलांचे मसुदे उतरवून. गावाकडे मला सगळे 'भाऊसाहेब' म्हणत आणि इथेही तेच नाव पडले. माझी पत्नी नर्स आहे. तिच्या नोकरीच्या निमित्ताने आम्ही आलो आणि मी काही वर्षे एका गोदामात खोकी उचलली. पुढे एका गुजराती किराणा दुकानदाराने पिठाच्या पोत्यांशेजारी मला एक टेबल दिले. शनिवार-रविवार मी तिथे बसतो. कुणाला कौन्सिलला लिहायचे असते, कुणाला शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयी. व्हिसाच्या कागदांना मी हात लावत नाही, कारण त्यासाठी इथे वेगळा परवाना लागतो, आणि परवान्यावाचून काम करणाऱ्यांतला मी नव्हे. असे मी लोकांना मोठ्या अभिमानाने सांगत असे.

त्या टेबलाशी एक फार्मासिस्ट येऊ लागले. मूळचे नगरकडचे, चाळिशीतले, शांत, नीटनेटके. दर शनिवारी ते बाजरीचे पीठ घेत आणि दहा मिनिटे माझ्याशी बोलत. त्यांच्या दुकानातल्या एका वयस्कर गोऱ्या सहकाऱ्याने त्यांना शिकारीचा नाद लावला होता. रायफलचा परवाना त्यांना दोन वर्षांपूर्वीच मिळाला होता. डोंगरात रानबकऱ्या फार माजल्या आहेत, त्या झाडे खातात, म्हणून त्या मारायला कुणाची हरकत नसते. ते त्या सहकाऱ्याची जुनी रायफल घेऊन जात आणि येताना मटण आणत. दोनदा आमच्याकडेही आले. पत्नीने ते रात्रभर दह्यात मुरवून केले होते आणि तसे मटण मी गावाकडेही खाल्ले नव्हते.

आता त्यांना स्वतःची रायफल घ्यायची होती. त्याच वेळी ते एका पिस्तूल क्लबचे सभासद झाले होते आणि सहा महिने नियमाने जात होते. तेव्हा त्यांच्या मनात आले की रायफल आणि रिव्हॉल्व्हर अशी दोन्ही घ्यावीत की दोहोंना एकच काडतूस चालेल. इथल्या कायद्याने रिव्हॉल्व्हर क्लबच्या मैदानाबाहेर चालवता येत नाही, शिकारीला नेण्याचा तर प्रश्नच नाही. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. 'डोंगरात रायफल, क्लबात रिव्हॉल्व्हर, आणि घरात काडतूस एकाच प्रकारचं,' असे त्यांचे शब्द होते. रिकामी पितळी काडतुसे ते घरीच पुन्हा भरणार होते. त्याची दारू मोजतात ती ग्रेन या मापाने, आणि औषधांच्या जुन्या पुस्तकांतही तेच माप असते, याचे त्यांना लहान मुलासारखे कौतुक वाटे.

मी म्हणालो की या विषयात माझा सल्ला घ्या. शस्त्र परवान्याचे अर्ज ही आमच्या तालुक्यात माझी खासियत होती. हे खरेही होते. खरे नव्हते ते एवढेच की त्यामुळे मला शस्त्रांतले काही कळत होते. मी आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नाही.

तरीही एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानात एक धिप्पाड बाई होती, पायांत जँडल्स म्हणजे साध्या रबरी चपला, दंडावर गोंदलेला मासा. फार्मासिस्टांनी तिला नेमके काय हवे ते सांगितले. तिने काउंटरवर रबराची चटई टाकली आणि तिच्यावर तीन काडतुसे उभी केली. सर्वांत लहान ते पॉइंट टू टू. त्या बोअरची, म्हणजे नळीच्या त्या मापाची, रायफल आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही मिळतात, पण त्याने ससा मारावा, बकरी मारू नये. ती जखमी होऊन झाडीत मरते. सर्वांत मोठे ते फोर्टी फोर. मधले थ्री फिफ्टी सेव्हन.

मी मधल्याकडे बोट दाखवून म्हणालो, 'हे घेऊ नका. हे मनाई बोअर आहे. कलेक्टरसुद्धा देऊ शकत नाही.'

'भाऊसाहेब, कलेक्टर तिकडे,' फार्मासिस्ट म्हणाले. 'इथे ते कुणाला माहीत पण नाही.'

मग मी फोर्टी फोरची बाजू घेतली. मोठे ते चांगले, एवढाच माझा मुद्दा होता, पण तो मी पाच वाक्यांत मांडला. बाईने त्या बोअरचे रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री करून माझ्या हातात ठेवले. माझे मनगट खाली गेले. ती त्यांना हळूच काही बोलली आणि दोघे हसले. मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, 'ती म्हणते, तुमच्या मित्राला आवडलं असेल तर मित्रालाच झाडायला लावा. मनगट त्याचं, डॉक्टर त्याचा.'

त्यांनी मधले निवडले. नंतर गाडीत त्यांनी कारण समजावून सांगितले. ते काडतूस रिव्हॉल्व्हरसाठी बनलेले, पण रायफलच्या लांब नळीतून त्याला अधिक वेग मिळतो आणि साठ-सत्तर मीटरच्या आत बकरी जागच्या जागी पडते. त्यापलीकडे त्याचा भरवसा नाही. समोरच्या कड्यावर हरीण दिसले तर सोडून द्यायचे. चांगली लांब पल्ल्याची रायफल त्याच किमतीत मिळत होती. ती त्यांनी सोडली ती केवळ जोडीसाठी. रिव्हॉल्व्हर नसेल तर ही रायफल घेण्यात काही अर्थ नाही, हे ते स्वतःच म्हणाले. रायफल त्यांना लगेच मिळाली. रिव्हॉल्व्हर बाईने बाजूला काढून ठेवले, कारण त्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते.

त्या नोंदीसाठी ओळखीच्या एका माणसाची साक्ष लागते; त्या माणसाला इथे रेफरी म्हणतात. पोलिसांकडून कोणी त्याच्या घरी येते आणि अर्जदाराविषयी विचारते. वयस्कर सहकारी त्या सुमारास मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले होते. फार्मासिस्टांनी माझे नाव दिले. मला म्हणाले, 'विशेष काही नाही, भाऊसाहेब. मला किती वर्षं ओळखता, मी चिडका आहे का, पितो का, एवढंच विचारतील. आहे ते सांगा.'

आहे ते सांगा. एवढी सोपी सूचना मला कधी कुणी दिली नव्हती, आणि तिचा मला किंचित अपमानच वाटला.

इथे मला गावाकडची रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे शस्त्र परवान्याच्या अर्जात एक परिच्छेद असावाच लागे. अर्जदार प्रतिष्ठित घराण्यातील असून त्यांस कामानिमित्त अवेळी प्रवास करावा लागतो. जमिनीच्या वादामुळे हितशत्रू निर्माण झाले असून जीविताला धोका आहे. सबब स्वसंरक्षणार्थ परवाना मिळावा. हा परिच्छेद नसलेला अर्ज कारकुनाच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. उसातली डुकरे हाकलायला बंदूक हवी असलेला एक सरळ माणूस माझ्याकडे आला होता. त्याला जगात एक वैरी नव्हता. मी त्याला दोन दिले. त्याला परवाना मिळाला आणि तो पेढे घेऊन आला. माझा व्यवसाय काय होता हे मला कुणी विचारले असते तर मी म्हटले असते, लोकांना योग्य ते वैरी पुरवणे. त्याचा मला अभिमान होता.

साक्ष घ्यायला आलेल्या बाई साठीच्या होत्या, पांढरे केस, हातात क्लिपबोर्ड. बुधवारची सकाळ होती आणि पत्नी ड्यूटीवर गेली होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. चहा आणि चिवडा पुढे केला. बाईंनी विचारले, तो स्वभावाने कसा आहे. मी म्हणालो, शांत आहे. त्यांनी टिकमार्क केला. घरात भांडणे? नाहीत. टिकमार्क. त्याला रिव्हॉल्व्हर कशासाठी हवे आहे? मी म्हणालो, क्लबात नेमबाजी करण्यासाठी. पुन्हा टिकमार्क, आणि पान उलटले.

मला वाटले, फार्मासिस्टांचा अर्ज हातचा चालला. वीस वर्षे मी कारकुनांच्या पेनाकडे पाहत आलो होतो. पेन लिहीत नाही म्हणजे अर्ज फायलीत बुडाला. या बाईंचे पेन नुसत्या खुणा करत होते. तेव्हा मी घसा साफ केला आणि सांगितले की एवढेच कारण नाही. त्यांच्या औषधांच्या दुकानात अमली गोळ्यांचा साठा असतो. मागे एकदा दुकानाची काच फुटली होती. त्यांना अंधारात एकटे घरी यावे लागते. त्यांच्या जीविताला धोका आहे, आणि म्हणूनच त्यांनी असे रिव्हॉल्व्हर निवडले आहे की ज्याला घरातल्या रायफलची काडतुसे चालतील. प्रसंग आला तर एकाची गोळी दुसऱ्यात घालता यावी.

पेन चालू लागले. बाई भराभर लिहीत होत्या. एक ओळ, दुसरी, तिसरी. त्यांनी अगदी हळुवारपणे विचारले, हे त्यांनी स्वतः तुम्हाला सांगितले का? मी म्हणालो, होय. आणि आतून, हाच परिच्छेद घालून आदल्या रात्री टाइप करून ठेवलेला दोन पानांचा जबाब आणून दिला, सहीसकट, तारखेसकट. बाईंनी तो दोनदा वाचला. त्यांनी माझे आभार मानले. चिवडा त्यांनी खाल्ला नव्हता, हे मला त्या गेल्यावर दिसले.

काच फुटली होती हे खरे. चोरांनी अत्तराच्या बाटल्या नेल्या होत्या. बाकीचे एकही वाक्य त्यांच्या तोंडचे नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. इथल्या कायद्यात माणसावर रोखण्यासाठी शस्त्र मागणे हे परवाना देण्याचे कारण नाही, नाकारण्याचे आहे. दोन आठवड्यांनी शनिवारी सकाळी दोन पोलीस त्यांच्या घरी गेले आणि रायफल घेऊन गेले. शेजारी हिरवळ कापत होते. त्यांनी यंत्र बंद करून पाहिले. परवानाही चौकशी होईपर्यंत स्थगित झाला. त्याच दिवशी दुपारी त्यांचा मला फोन आला. कोणीतरी काहीतरी सांगितले आहे असे दिसते, म्हणाले. स्वसंरक्षणाची भानगड आहे. उत्तर द्यायला मुदत आहे.

मला त्या क्षणी कळले नाही असे मी म्हटले तर तो आणखी एक खोटा जबाब होईल. तो शब्द कानावर पडताच मला कळले. मी दुकानातल्या पिठाच्या पोत्यावर बसलो. आणि त्याच पोत्यावर बसून मी म्हणालो, 'काही काळजी करू नका. उत्तर माझ्यावर सोडा.'

ते म्हणाले, 'बरं.'

मी आठवडाभर खपून तीन पानी उत्तर लिहिले. त्यात कोण्या अज्ञात द्वेष्ट्याचा कडक निषेध होता. परदेशी आलेल्या सुशिक्षित माणसाची प्रतिष्ठा कशी धुळीस मिळवली जाते याचे वर्णन होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम मसुदा होता असे मला आजही वाटते. निषेध ज्याचा केला होता तो मीच होतो, आणि तरी लिहिताना माझा हात अडखळला नाही.

रविवारी दुपारी ते घरी आले. पत्नी स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी उत्तर त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले, घडी घातली आणि टीपॉयवर ठेवले. मग खिशातून एक कागद काढला.

'हे वाचा, भाऊसाहेब.'

'पोलिसांचं पत्र ना? तुम्ही पाठवलं होतं, वाचलंय मी.'

'मी तुम्हाला पहिलं पान पाठवलं होतं. हे दुसरं.'

दुसऱ्या पानावर माझी वाक्ये होती. साक्षीदाराच्या लेखी जबाबानुसार, असे म्हणून त्यांनी ती जशीच्या तशी उतरवली होती. एकाची गोळी दुसऱ्यात. अंधारात एकटे. खाली साक्षीदाराचे नाव नव्हते, पण साक्षीदार एकच होता.

मी विचारले, 'हे तुमच्याकडे केव्हापासून आहे?'

'फोन केला तेव्हा हातातच होतं.'

'मग तेव्हाच का नाही बोललात?'

'म्हटलं, तुम्हीच सांगाल.' ते खिडकीकडे पाहत होते. 'आठवडाभर वाट बघितली.'

मी बोलू लागलो. आमच्याकडे कशी रीत आहे, तो परिच्छेद नसला तर काय होते, मी त्यांच्या भल्यासाठीच केले. मी बरेच बोललो असेन. त्यांनी मध्ये तोडले नाही. पत्नी लसणाची ताटली हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती, आणि मी थांबलो तेव्हा तिने विचारले, 'अहो, पण तुम्हाला हे विचारलं होतं का कुणी?'

ती म्हणाली, उद्या पोलीस ठाण्यात जायचे आणि खरे काय ते लिहून द्यायचे. चार ओळींत. पाचवी ओळ लिहिलीत तर मी ती खोडणार. फार्मासिस्टांनी चहा घेतला नाही. दारापाशी त्यांनी बूट घालताना मी पुन्हा काही म्हणू लागलो. ते म्हणाले, 'राहू द्या, भाऊसाहेब. मी रागावलोय, पण तेवढ्यासाठी नाही. चूक झाली तर झाली. तुम्ही ही तीन पानं मला सही करायला देणार होता.'

दुसऱ्या दिवशी मी गेलो. काउंटरवरच्या तरुण पोलिसाने 'किया ओरा' म्हणून हसून स्वागत केले आणि विचारले की काय काम आहे. मी कागद पुढे केला. अर्जदाराने मला असे काहीही सांगितले नव्हते. ते मी माझ्या मनाने सांगितले. ते खोटे होते. मला क्षमा करावी. 'सविनय' नव्हते, 'सबब' नव्हते. तो कागद देताना मला उघड्या अंगाने रस्त्यावर उभे राहिल्यासारखे वाटले. पोलिसाने वाचून विचारले, तुम्ही हे का सांगितले होते? मी म्हणालो, मला वाटले त्याने मदत होईल. त्याने मान हलवली आणि प्रत काढायला आत गेला.

दोन महिन्यांनी रायफल परत मिळाली. रिव्हॉल्व्हरच्या नोंदीचा अर्ज मात्र नव्याने करायचा होता. दुकानातल्या बाईने ठेवलेले रिव्हॉल्व्हर तोपर्यंत दुसऱ्या कुणी नेले. त्या उन्हाळ्यात ते डोंगरात गेले तेव्हा, असे मी किराणा दुकानदाराकडून ऐकले, समोरच्या कड्यावर एक उमदे हरीण बराच वेळ उभे होते आणि ते नुसते पाहत बसले. लांबचा मारा नसलेली रायफल त्यांनी जिच्यासाठी घेतली, ती जोडीदारीण माझ्यामुळे आली नव्हती. शनिवारी ते बाजरीचे पीठ नेत होते. माझ्या टेबलाशी थांबून 'कसं काय' म्हणत, आणि मी 'बरं आहे' म्हणे, आणि ते जात. दहा मिनिटे कुठे गेली हे आम्ही दोघांनीही विचारले नाही.

मग एक दिवस पत्नीचा फोन वाजला. 'वहिनी, तुम्ही माझ्या रेफरी व्हाल का?' असे त्यांनी विचारल्याचे तिने मला जेवताना सांगितले. मी विचारले, काय म्हणालीस? ती म्हणाली, हो म्हणाले, त्यात विचार करण्यासारखे काय आहे.

नवी नोंद पुढे झाली आणि ती बातमीही तिच्याच फोनवर आली. त्याच बोअरचे दुसरे रिव्हॉल्व्हर त्यांनी घेतले आहे. मी ते पाहिलेले नाही. पण माझ्या मनात अधिक राहिली आहे ती साक्षीची दुपार.

त्याच बाई आल्या. पांढरे केस, तोच क्लिपबोर्ड. मला पाहून त्या ओळखीचे हसल्या आणि म्हणाल्या की मुलाखत एकटीचीच घ्यायची असते. मी मागच्या अंगणात गेलो. धुणे वाळले होते, ते काढू लागलो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. पत्नीचे इंग्रजी वॉर्डातले आहे, तुटक आणि स्वच्छ. तो चिडतो का? नाही. पितो का? नाताळात एक बिअर. शस्त्र जवळ बाळगून स्वतःचे रक्षण करण्याविषयी कधी बोलला का?

'नाही,' ती म्हणाली. 'बकरी किती वेळ शिजवायची, याविषयी बोलतो.'

बाई हसल्याचे ऐकू आले. आणि पेनाने एक छोटीशी खूण केल्याचे मला दिसले नाही, तरी मला ती झालेली कळली. सगळे मिळून पंधरा मिनिटेही लागली नाहीत. मी टॉवेलांच्या घड्या घालत उभा होतो. माझ्याजवळ दोन वाक्ये तयार होती. त्या दिवशी मी जे सांगितले त्याबद्दल मला खेद आहे, अशी सुरुवात होती आणि शेवटही चांगला होता. सकाळपासून मी ती पाठ केली होती.

बाई बाजूच्या वाटेने बाहेर पडताना अंगणात थांबल्या. कुंपणाशी आमचे लिंबाचे झाड आहे. यंदा ते फळांनी वाकले आहे. त्यांनी विचारले, याला तुम्ही काय घालता?

'शेणखत,' मी म्हणालो.

त्या आणखी क्षणभर थांबल्या, बहुधा मी पुढे बोलेन म्हणून. ती दोन वाक्ये मी तोंडातच ठेवली आणि शेवटच्या टॉवेलाची घडी घातली. त्यांनी इथल्या रीतीने 'चिअर्स' म्हणून निरोप घेतला आणि गेटची कडी लावून त्या गेल्या.